सामायिक टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक संस्थेत आणताना: खरेदीच्या इंडेंटपासून पहिल्या उंदरापर्यंत

"पाच कोटी मिळतायत, कोणता टू-फोटॉन घेऊ?" असा फोन, म्हणजे जिवंत मेंदूत खोलवर पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाबद्दलचा, मला वर्षातून एकदोनदा तरी येतो. पलीकडे बहुतेक वेळा नुकतंच रुजू झालेलं कुणीतरी असतं आणि त्यांच्या टेबलावर तीन कंपन्यांचे कॅटलॉग उघडे असतात. मी विचारते, "उंदीर कुठे राहणार?" त्यावर "म्हणजे?" असं उत्तर आलं की ओळखायचं, काम अजून सुरूच झालेलं नाही.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत इमेजिंग फॅसिलिटी बघते. एक टू-फोटॉन यंत्र प्रस्तावाच्या पहिल्या खर्ड्यापासून रोजच्या वापरापर्यंत आणलं आहे, आणि इतर ठिकाणच्या टेक्निकल कमिट्यांवरही बसले आहे. या सगळ्यातून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: जे मोजता येईल अशा भाषेत कागदावर लिहिलं नाही, ते मिळत नाही. कंपनीकडून मिळत नाही, बांधकाम विभागाकडून मिळत नाही आणि वापरणाऱ्यांकडूनही मिळत नाही.

यंत्राबद्दल थोडक्यात

मेंदूची ऊती प्रकाशाच्या दृष्टीने पातळ दुधासारखी असते. आत गेलेला प्रकाश विखुरतो, म्हणून साध्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने थोडं खोल गेलं की चित्र गढूळ होतं. दोन फोटॉन एकाच क्षणी शोषले जाऊ शकतात ही कल्पना मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ च्या प्रबंधात मांडली होती. ती सूक्ष्मदर्शकात उतरली १९९० मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांच्या हातून. जवळच्या अवरक्त पट्ट्यातला लेझर कमी विखुरतो, आणि दोन फोटॉन एकदम सापडण्याइतकी प्रकाशाची दाटी फक्त केंद्रबिंदूपाशीच असते. त्यामुळे चमकतो तो फक्त तेवढाच बिंदू. तिथून निघालेला हिरवा प्रकाश कसाही भरकटला तरी तो आला कुठून हे आपल्याला माहीत असतं, म्हणून मिळेल तेवढा गोळा करायचा. जागेपणी पळणाऱ्या उंदराच्या कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) शेकडो पेशी अर्ध्या मिलिमीटर खोलीवर, कॅल्शियमच्या लुकलुकीतून (पेशी कामाला लागली की तिच्यातलं कॅल्शियम वाढतं) पाहता येतात त्या यामुळे. आपल्याकडे हे नवीन नाही. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या गटाने शिकत असलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागातल्या पेशी याच पद्धतीने पाहिल्या आणि ते काम २०१४ मध्ये 'ईलाइफ' या नियतकालिकात आलं.

पायरी १: माणसं मोजा, तास मोजा, मग उंदीर मोजा

सामायिक यंत्राचा प्रस्ताव लिहिताना सगळे "आमच्या संस्थेतल्या १२ गटांना उपयोग होईल" असं लिहितात. तज्ज्ञ समितीतला माणूस हे वाक्य वाचतच नाही. त्याऐवजी एक तक्ता करा: गट, प्रकल्प, चालू अनुदान, प्राणी, दर आठवड्याला किती तास, एक सत्र किती लांब, कोणता रंग, किती खोली. अमेरिकेत एनआयएच या आरोग्य-संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेच्या एस-१० योजनेत किमान तीन मुख्य वापरकर्ते दाखवावे लागतात आणि प्रत्येकाची गरज वेगळी लिहून द्यावी लागते. ती पद्धत कुणी मागितली नाही तरी उचलावी. तक्ता भरायला पाठवला की १२ मधले पाच गट उत्तरच देत नाहीत, तिघांचं काम कॉन्फोकलवर भागणारं निघतं, आणि खरे वापरकर्ते चार उरतात. चार पुरेसे आहेत. फक्त ते चार कोण आहेत हे यंत्र यायच्या आधी कळलेलं बरं.

या तक्त्यातून आणखी एक भांडण आधीच मिटतं. मेंदूचे काप पाहणाऱ्याला ताटलीखाली कंडेन्सर आणि पॅच-क्लॅम्पचे (एकेका पेशीतली वीज मोजण्याचे) मॅनिप्युलेटर हवे असतात. झेब्राफिशवाल्याला उंची नको असते. जाग्या उंदरावर काम करणाऱ्याला ऑब्जेक्टिव्हखाली (नमुन्याजवळच्या भिंगाखाली) ट्रेडमिल, पाणी देणारी नळी, डोळ्यावर रोखलेला कॅमेरा आणि स्क्रीन एवढं सगळं बसवायचं असतं. एका स्टँडवर हे तिन्ही "होतं" असं विक्रेता सांगेल. होतं, पण दर वेळी बदलायला अर्धा दिवस जातो आणि बदलल्यावर कुणाचंच अलाइनमेंट जागेवर राहत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जिवंत मेंदूसाठी घेताय तर उंदराला प्राधान्य द्या आणि कापवाल्यांना दुसरीकडे सोय करून द्या. हे त्यांना आत्ताच सांगा.

आता उंदीर. तुमचं प्राणिगृह रोगजंतूंपासून बंदिस्त ठेवलेलं असेल तर तिथून बाहेर पडलेला उंदीर सहसा परत आत घेत नाहीत. आणि कवटीत काचेची खिडकी बसवलेला उंदीर तर आठवड्यांमागून आठवडे पुन्हापुन्हा पाहायचा असतो. म्हणजे एकतर सूक्ष्मदर्शक त्या बंदिस्त भागाच्या आत जायला हवा, किंवा त्याच्या शेजारी उंदीर ठेवण्याची वेगळी, मंजूर झालेली खोली हवी, तीत दिवस-रात्रीचं प्रकाशचक्र आणि पशुवैद्याची फेरी धरून. आत ठेवलात तर बाहेरच्या संस्थेचा वापरकर्ता त्याचे उंदीर आणू शकणार नाही. बाहेर ठेवलात तर धारण-खोलीचा खर्च तुमचा. यंत्र कुठल्या कंपनीचं घ्यायचं यापेक्षा हा निर्णय कितीतरी मोठा आहे, आणि तो प्राणिगृहाच्या प्रमुखांशी बसूनच होतो.

पायरी २: चार भाग समजून घ्या

सेल्सवाल्याशी बोलण्याआधी चार गोष्टींवर स्वतःचं मत बनवा: लेझर, स्कॅनर, ऑब्जेक्टिव्ह, डिटेक्टर. बाकी सगळं यांच्याभोवती फिरतं.

लेझरला पैशाचा मोठा वाटा जातो. टायटेनियम-सफायर लेझर सुमारे १०० फेम्टोसेकंदांचे स्पंद सेकंदाला ८ कोटी वेळा सोडतो आणि त्याची तरंगलांबी साधारण ६८० ते १०८० नॅनोमीटरपर्यंत फिरवता येते. जीकॅम्प, म्हणजे कॅल्शियम वाढल्यावर उजळणारं हिरवं प्रथिन, ९२० च्या आसपास उत्तम चालतं. लाल रंगाचे सेन्सर मात्र १०४० च्या पुढे मागतात. म्हणून आता बरेच जण १३०० पर्यंत जाणारा आणि सोबत स्थिर तरंगलांबीचा दुसरा किरण देणारा लेझर घेतात. तुमच्या तक्त्यातल्या सगळ्यांचं काम नुसत्या जीकॅम्पवर चालणार असेल तर ९२० चा स्थिर फायबर लेझर घ्या. तो लहान असतो आणि कुरकुर कमी करतो. सामायिक यंत्राला तो सहसा अपुरा पडतो, पण दोन यंत्रांची स्वप्नं पाहण्यापेक्षा एक नीट चालणारं बरं. थ्री-फोटॉनचा मोह तूर्तास आवरा. एक मिलिमीटरखाली जायला तो लागतो हे खरं, पण त्याचा लेझर वेगळाच असतो. टेबलावर त्याच्यापुरती जागा मोकळी सोडा, एवढं पुरे.

लेझरच्या बाबतीत लोक एक आकडा हमखास विसरतात. १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद काचेच्या इतक्या थरांतून जाताना पसरतो. वाटेतल्या प्रकाशिकीचं डिस्पर्शन (रंगानुसार प्रकाश मागेपुढे पडण्याचं माप) १०,००० फेम्टोसेकंद वर्ग धरलं तर नमुन्यापाशी तो जवळपास ३०० फेम्टोसेकंदांचा होऊन पोचतो. सरासरी पॉवर तीच ठेवली तर संकेत एक तृतीयांशावर येतो. ही भरपाई आधीच करणारा प्रीकॉम्पेन्सेटर लेझरमध्ये आहे का, आणि त्याचा पल्ला तुमच्या सूक्ष्मदर्शकाला पुरतो का, हे विचारा. उत्तर लेखी घ्या. लेझर एका कंपनीचा आणि सूक्ष्मदर्शक दुसऱ्या कंपनीचा असला की दोघंही "ते त्यांचं" म्हणतात.

स्कॅनर, म्हणजे किरण नमुन्यावर फिरवणारे आरसे: रेझोनंट (ठरलेल्या वेगाने सतत हलणारा) हवाच. ८ किलोहर्ट्झचा आरसा जाताना आणि येताना दोन्हीकडे ओळ काढतो, म्हणजे सेकंदाला १६,००० ओळी. ५१२ ओळींच्या चौकटीला भागलं की ३० च्या थोडं वर चौकटी. उंदीर चालत असताना मेंदू हलतो, त्यामुळे ही गती चैन नव्हे. सोबत साधे, हवे तसे वळवता येणारे गॅल्व्हो आरसेही हवेत, कारण एखाद्या डेंड्राइटवर (पेशीच्या फांदीवर) एकच ओळ पुन्हापुन्हा फिरवायची असेल तर रेझोनंटने ते होत नाही.

ऑब्जेक्टिव्हमध्ये निकॉनचा १६एक्स, ०.८ एनए (प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचा आकडा) आणि ऑलिम्पसचा २५एक्स, १.०५ एनए हे दोन जुने भरवशाचे गडी. पहिला मोठा परिसर दाखवतो आणि ३ मिलिमीटर अंतरावरून काम करतो. दुसरा जास्त प्रकाश गोळा करतो, पण त्याचं अंतर २ मिलिमीटर. हेडप्लेटची (उंदराचं डोकं धरायला कवटीवर बसवलेल्या पट्टीची) कड उंच असेल तर तो तिला टेकतो आणि पाण्याचा थेंब वाहून जातो. म्हणून ऑब्जेक्टिव्ह ठरवायच्या आधी तुमची हेडप्लेट मोजा, किंवा ऑब्जेक्टिव्हप्रमाणे हेडप्लेट बनवून घ्या. वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची एक प्लेट कापून विक्रेत्याच्या डेमोला घेऊन गेलात तर तो जरा चपापतो.

डिटेक्टर गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडचे घ्या, किमान दोन, आणि ते ऑब्जेक्टिव्हच्या अगदी मागे बसलेले, स्कॅनरमधून परत न जाणारे हवेत. विखुरलेला प्रकाश परत आरशांतून पाठवला की निम्मा वाटेतच हरवतो.

पायरी ३: खोली

यंत्राचं पत्र आलं की लोक खोलीचा विचार करतात. उलटं करा. खोली तळमजल्यावर हवी, लिफ्टच्या मोटरपासून, कॉम्प्रेसरपासून आणि वर्दळीच्या जिन्यापासून लांब. कंपनाचं मोजमाप यंत्र मागवण्याआधी करून घ्या, रविवारी दुपारी नव्हे तर कामाच्या दिवशी सकाळी ११ ला. तरंगत्या टेबलाला कोरडी दाबाची हवा लागते. तापमान एका अंशाच्या आत स्थिर हवं, आणि एसीचा झोत थेट टेबलावर नको.

आता पावसाळ्याबद्दल, कारण परदेशी साइट-प्रिपरेशन पुस्तिकेत हे पान नसतं. लेझरचा तळ चिलरच्या पाण्याने साधारण २० अंशांवर ठेवलेला असतो. जुलैत पुण्याच्या हवेचा दवबिंदू बऱ्याचदा २० च्या वर जातो. एसी चालू आहे तोवर खोलीतली हवा कोरडी राहते. आमच्याकडे एका शनिवारी संध्याकाळी रखवालदाराने वीज वाचवावी या चांगल्या हेतूने कॉरिडॉरच्या पॅनेलवरून एसी बंद केला. चिलर मात्र यूपीएसवर, तो चालूच. सोमवारी सकाळी चिलरच्या नळ्यांवरून पाण्याचे थेंब टेबलावर ओघळत होते आणि लेझर मोड-लॉक होत नव्हता, म्हणजे स्पंद सोडत नव्हता. आठवडाभर यंत्र बंद. तेव्हापासून खोलीला वेगळा डीह्युमिडिफायर आहे, एसी आणि चिलर एकमेकांना जोडलेले आहेत (एसी पडला की चिलरही थांबतो) आणि पॅनेलवर मराठीत पाटी आहे: "हा एसी रात्री, सुट्टीत, दिवाळीतही बंद करू नये." इंग्रजी पाटी आधीही होती.

अंधाराचंही तसंच. खोलीत बसून दहा मिनिटं डोळे सरावू द्या आणि मग पाहा काय काय चमकतंय. यूपीएसचा दिवा, स्मोक डिटेक्टर, कीबोर्ड, दाराखालची फट. आमच्या चित्रात पहिले दोन आठवडे एक हिरवा पडदा होता, तो एसीच्या स्टॅबिलायझरवरच्या हिरव्या एलईडीचा निघाला. जीकॅम्पचा प्रकाशही हिरवाच. काळी चिकटपट्टी, किंमत ४० रुपये.

दार, कॉरिडॉरची वळणं, लिफ्टचं वजन आणि टेबलाचं क्रेट यांची मापं एका कागदावर मांडून ठेवा. यूपीएस लेझर, चिलर आणि संगणकासाठी, एसीला जनरेटरचा आधार. आणि लेझर वर्ग ४ चा आहे, डोळ्याला न दिसणारा. दारावर इंटरलॉक, बाहेर लाल दिवा, तरंगलांबीच्या पूर्ण पट्ट्याला चालणारे चष्मे हे बजेटमध्येच धरा. नंतर मागितलं की कुणी देत नाही.

पायरी ४: पैसा कुठून, आणि किती धरायचा

केंद्राच्या योजनांपैकी विभागांच्या पायाभूत सुविधांसाठी डीएसटीची (विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची) फिस्ट, सामायिक केंद्रांसाठी साथी, आणि डीबीटीची (जैवतंत्रज्ञान विभागाची) सहज या नेहमीच्या वाटा. संशोधनाला निधी देणारी एसईआरबी आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या एएनआरएफमध्ये सामावली गेली आहे. कुठेही अर्ज केलात तरी डीएसटीची २०२२ ची श्रीमान मार्गदर्शक तत्त्वं वाचून जा. सामायिक उपकरणं कशी वापरावीत आणि सांभाळावीत याची सरकारची अपेक्षा तिथे लिहिलेली आहे, आणि समितीतले लोक त्याच भाषेत प्रश्न विचारतात. आय-स्टेम या देशभरच्या संशोधन उपकरणांच्या पोर्टलवर जवळपास असंच यंत्र आहे का हेही आधी शोधा. असेल तर "ते असताना दुसरं कशाला" याचं उत्तर प्रस्तावात द्या. उंदीर शंभर किलोमीटर नेता येत नाहीत हे उत्तर चालतं, पण ते आपणहून लिहायला हवं.

बजेट करताना यंत्राची किंमत ही फक्त सुरुवात धरा. १८ जुलै २०२२ पासून संशोधन संस्थांना मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत गेली आणि १८ टक्के लागू झाला. त्याआधी मंजूर झालेले प्रस्ताव बाळगून बसलेल्यांची त्या वर्षी झालेली तारांबळ मी पाहिली आहे. पाच कोटींवर १८ टक्के म्हणजे ९० लाख, सीमाशुल्क वेगळं. सीमाशुल्कातली कोणती अधिसूचना त्या दिवशी लागू आहे हे खरेदी विभागाकडून लेखी घ्या. रुपयाची घसरण धरा, कारण मंजुरी आणि एलसी (बँकेचं पतपत्र) यांच्यामध्ये वर्ष सहज जातं. मग खोली, यूपीएस, टेबल, डेटा साठवण, शस्त्रक्रियेचं स्टिरिओटॅक्सिक (डोकं स्थिर धरणारी चौकट), भूल देण्याचं यंत्र, आणि वॉरंटीनंतरची पाच वर्षांची सीएमसी (सर्वसमावेशक देखभालीचा करार). सीएमसीचा दर टेंडरमध्येच गोठवा आणि किमतीच्या तुलनेत धरा. नंतर वाटाघाटीला बसलात तर तुमच्या हातात काहीच नसतं.

पायरी ५: स्पेसिफिकेशन, इथे वेळ घालवा

सरकारी पैशाच्या खरेदीत दोन लिफाफे असतात. जीएफआर २०१७ या केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम १६३ प्रमाणे तांत्रिक बोली आधी उघडते, त्यात पास झालेल्यांचीच आर्थिक बोली उघडते आणि सर्वांत स्वस्त, म्हणजे एल-वन, त्याला ऑर्डर जाते. याचा अर्थ असा की तांत्रिक लिफाफ्यात कुणी "थोडा चांगला" असल्याचा काही फायदा नसतो. एकतर पास, नाहीतर नापास. तुम्हाला हवी ती गुणवत्ता पास होण्याच्या अटीतच बसवायला लागते.

इथेच बहुतेकांचं चुकतं. "उच्च संवेदनशीलतेचे डिटेक्टर", "उत्कृष्ट रिझोल्यूशन", "वापरायला सोपं सॉफ्टवेअर" हे शब्द टेंडरमध्ये कवडीमोलाचे आहेत. एका ठिकाणी मी कमिटीवर असताना "ऑब्जेक्टिव्हखाली पुरेशी जागा" असं लिहिलेलं सापडलं. जो विक्रेता पास झाला त्याच्या स्टँडवर ट्रेडमिल बसत नव्हती, आणि तो म्हणाला, "पुरेशी आहे की, काप छान बसतात." त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

त्याऐवजी असं लिहा. ऑब्जेक्टिव्हच्या टोकापासून टेबलापर्यंत मोकळी उंची किमान अमुक सेंटिमीटर (तुमची ट्रेडमिल, धारक आणि हात शिरण्याची जागा मोजून). ९२० नॅनोमीटरला ऑब्जेक्टिव्हखाली किमान अमुक मिलिवॉट पॉवर, पॉवर मीटरने मोजून. जाग्या उंदरावर काम दोन अंकी मिलिवॉटमध्ये चालतं आणि फार वाढवली तर मेंदू तापतो, पण खोलीवर जायला आणि लेझर म्हातारा झाल्यावर उरायला राखीव हवी. ०.२ मायक्रॉनच्या चमकत्या मण्यांवर आडवं आणि उभं रिझोल्यूशन, चित्राच्या मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत. ५१२ गुणिले ५१२ ला किमान ३० चौकटी. प्रत्येक चौकटीच्या सुरुवातीचा विजेचा ट्रिगर बाहेर मिळायला हवा, नाहीतर उंदराचं वर्तन आणि मेंदूचं चित्र एकमेकांशी जुळवता येत नाही. कच्चा डेटा खुल्या स्वरूपात, कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय वाचता येईल असा. सुइट-टू-पी किंवा केमॅन यांसारख्या मोफत साधनांत तो थेट उघडतो का, हे प्री-बिडमध्येच (बोलीआधीच्या बैठकीत) विचारा.

प्रत्येक ओळीशेजारी आणखी एक रकाना करा: "कसं तपासणार". तो रकाना भरता आला नाही तर ती ओळ खोडा किंवा नव्याने लिहा. आमचा पहिला खर्डा नऊ पानांचा होता, हा रकाना घातल्यावर पाच पानांचा झाला.

कुणा एका कंपनीचं नाव किंवा फक्त तिलाच जमेल असा आकडा घालू नका. तक्रार आली की टेंडर रद्द होतं आणि वर्ष जातं. प्रत्येक आकड्यामागचं वैज्ञानिक कारण एका ओळीत फाइलला लावून ठेवा. ऑडिटचा माणूस तीन वर्षांनी येतो तेव्हा हे कुणाला आठवत नसतं. खरंच एकच कंपनी ते करत असेल तर नियम १६६ खाली प्रोप्रायटरी सर्टिफिकेटची वाट आहे, पण टू-फोटॉनच्या बाजारात झाइस, लायका, निकॉन, ब्रुकर, थॉरलॅब्ज, सायंटिफिका, फेम्टोनिक्स असे बरेच जण असताना ते टिकवणं कठीण.

पायरी ६: टेंडर

मे २०२० पासून २०० कोटींखालच्या खरेदीला ग्लोबल टेंडर बंद होतं आणि प्रत्येक वेळी वरून परवानगी आणावी लागत असे. जून २०२५ मध्ये केंद्राच्या खर्च विभागाने ठरावीक वैज्ञानिक मंत्रालयांखालच्या संस्थांना मोकळीक दिली. संशोधनाच्या उपकरणांसाठी २०० कोटींपर्यंत ग्लोबल टेंडर मंजूर करण्याचा अधिकार संचालक किंवा कुलगुरूंकडे आला, आणि जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेर खरेदीचीही मुभा मिळाली. तुमची संस्था त्या यादीत बसते का ते रजिस्ट्रारकडून वदवून घ्या. राज्य विद्यापीठांचे नियम वेगळे असतात. शेजारी देशांतल्या बोलीदारांच्या नोंदणीचा २०२० चा आदेश आणि मेक इन इंडियाची अट, दोन्ही टेंडरच्या मसुद्यात खरेदी विभाग घालतोच, फक्त तुमच्या विक्रेत्यांना ते आधी सांगा. चांगल्या कंपन्या कागदांवरून बाद होताना पाहणं फार त्रासाचं असतं.

प्री-बिड मीटिंगला स्वतः जा, विद्यार्थ्याला पाठवू नका. विक्रेते एकमेकांच्या देखत जे प्रश्न विचारतात त्यातून कुणाला काय जमत नाही ते कळतं.

पैसे देण्याची सर्रास पद्धत म्हणजे शिपमेंटला ९० टक्के आणि इन्स्टॉलेशननंतर १०. शक्य तितकी मागची रक्कम वाढवा, आणि "इन्स्टॉलेशन" ऐवजी "स्वीकृती चाचणी पूर्ण झाल्यावर" असा शब्द घाला. पेटी उघडून दिवा लावला की कंपनीच्या लेखी इन्स्टॉलेशन झालेलं असतं. विम्यात लेझरची वाहतूक, विमानतळावरचा मुक्काम आणि तुमच्या दारापर्यंतचा ट्रक तिन्ही आहेत का पाहा. कस्टम्सचे कागद माल उतरायच्या आधी तयार ठेवा. डेमरेज (माल वेळेत न सोडवल्याचं भाडं) दिवसावर चढतं आणि ते भरायला कुठल्याच अनुदानात शीर्षक नसतं.

पायरी ७: परवानग्या

माल वाटेत असताना हे उरकायचं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी १९६० च्या कायद्याखाली सीसीएसईए या केंद्रीय समितीची (जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीपीसीएसईए) नोंदणी आणि तुमच्या आयएईसीची (संस्थेच्या प्राणी-नीती समितीची) प्रकल्पनिहाय मंजुरी. मंजुरीत "कवटीवर खिडकी, त्यानंतर वारंवार इमेजिंग, अमुक आठवडे" हे स्पष्ट हवं. जीकॅम्प विषाणूवाहकातून घालणार असाल तर १९८९ च्या नियमांखालच्या आयबीएससीची (संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची) मंजुरी. बाहेरच्या वापरकर्त्याने त्याच्या संस्थेची मंजुरी आणि उंदरांचा आरोग्य अहवाल दोन्ही आणायचे, हे बुकिंगच्या फॉर्मवरच छापा.

पायरी ८: स्वीकृती चाचणी

कंपनीचा इंजिनिअर एक परागकणाची स्लाइड काढतो. ती नेहमी सुंदर दिसते, माझ्या भाचीने मोबाइलने काढली तरी सुंदर दिसेल. तिच्यावर सही करू नका. तुमच्या स्पेसिफिकेशनचा "कसं तपासणार" हा रकाना छापून घ्या आणि ओळीने जा: पॉवर, मणी, कोपरे, गती, ट्रिगर. मग लेझर आठ तास चालू ठेवून पॉवर किती हलते ते नोंदवा. डिटेक्टर चालू, लेझर बंद असं एक चित्र अंधारात घ्या आणि जपून ठेवा. दोन वर्षांनी "डिटेक्टर म्हातारा झाला का" या प्रश्नाला तेच उत्तर असतं.

शेवटी उंदीर. त्याची तयारी दोन महिने आधी लागते: शस्त्रक्रिया, ३ मिलिमीटरची काच, हेडप्लेट, मग जीकॅम्प पुरेसं उतरायला दोनतीन आठवडे, मग डोकं धरून बसायची सवय. इंजिनिअर आला आणि उंदीर तयार नाही असं झालं तर तो परागकण दाखवून विमानाने परत जातो. तीन उंदीर तयार ठेवा, कारण एकाची खिडकी धुरकट होतेच.

पायरी ९: वाटून वापरणं

एक पूर्णवेळ प्रशिक्षित ऑपरेटर नसेल तर हे यंत्र सामायिक होत नाही, पहिल्या आलेल्या गटाचं होतं. त्याचं पद प्रस्तावातच मागा.

दर ठरवायला साधं गणित. समजा सीएमसी, वीज, ऑपरेटर आणि किरकोळ मिळून वर्षाला ४० लाख. २५० दिवस, दिवसाला ८ तास, म्हणजे २,००० तास, त्यातले ७० टक्के भरले तर १,४००. ताशी २,८५० रुपयांच्या आसपास. हा आकडा पाहून आतले लोक कुरकुरतात. त्यांना सवलत द्या, पण फुकट देऊ नका. फुकट स्लॉट अडवून ठेवले जातात आणि सकाळी नऊला फोन येतो, "उंदीर आजारी आहे."

बुकिंग ताशी ठेवू नका. जाग्या उंदराचं सत्र तयारी धरून तीन-चार तासांचं असतं, म्हणून अर्ध्या दिवसाचे स्लॉट करा, आणि शिकत असलेल्या उंदराला रोज एकाच वेळी यायचं असतं म्हणून सलग दोन आठवड्यांचा ब्लॉक घेण्याची सोय ठेवा. आठवड्यातली एक सकाळ देखभालीची, कुणालाही न देण्याची.

डेटाचा हिशोब पहिल्या महिन्यातच गळ्याशी येतो. ५१२ गुणिले ५१२, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला ३० चौकटी: एका चॅनेलला तासाला सुमारे ५७ जीबी, दोन चॅनेलला ११३. दिवसाला पाच तास आणि महिन्याला २० दिवस धरले तर ११ टेराबाइटपेक्षा जास्त. यंत्राच्या संगणकावर डेटा सात दिवस राहील, आठव्या दिवशी पुसला जाईल असा नियम करा आणि पहिल्यांदा कुणाचा तरी डेटा खरंच पुसा. त्यानंतर सगळे वेळेवर नेतात. आमच्याकडे पहिला माझाच पुसला गेला.

ऑपरेटरच्या टेबलावर एक कागदी वही असते. रोज सकाळी पाच नोंदी: खोलीचं तापमान, आर्द्रता, चिलरचं तापमान, ऑब्जेक्टिव्हखाली ९२० ला पॉवर, अंधारातल्या चित्राची सरासरी. महिन्यातून एकदा मणी. वॉरंटी संपायच्या सहा महिने आधी त्याच वहीच्या झेरॉक्स जोडून कंपनीला पत्र पाठवा, पॉवर कधीपासून आणि किती उतरली ते दाखवून, म्हणजे दुरुस्ती वॉरंटीत होते. सीएमसीचा इंडेंटही त्याच आठवड्यात टाका, फाइल फिरायला तेवढा वेळ लागतोच.